नारळ उभा राहिला, म्हणून पाणी लागलं?

जळगाव जिल्ह्यात, यावल तालुक्यात मामाची केळीची बाग आहे. तीन वर्षांपूर्वी जुना बोअर पाण्याऐवजी हवा फेकायला लागला, तेव्हा मामाने नवा बोअर मारायचं ठरवलं आणि पाणाड्याला बोलावलं. पाणाड्या तळहातावर नारळ आडवा ठेवून बांधाबांधाने फिरला. एका जागी नारळ उठून उभा राहिला. तिथे चुन्याची फुली मारली, दुसऱ्या दिवशी गाडी आली आणि बरंच खोल जाऊन का होईना, पाणी लागलं. मामाने चिखलाच्या हातानेच माझ्या पाठीवर थाप मारली. "पाह्य! आता बोल."

मी म्हणालो, "योगायोग."

मामा हसला, गाडीवरची पोरं हसली. मी हरलो, आणि हरायलाच हवं होतं. कारण 'योगायोग' हा शब्द फेकण्यापलीकडे मी काहीच केलं नव्हतं. मामाकडे निदान पाण्याची धार होती. माझ्याकडे नुसती कपाळावरची आठी. मग त्या रात्री खाटेवर पडल्यापडल्या मी विचार करायला लागलो की, मामाचं म्हणणं कच्चं आहे असं मला वाटतं, पण नेमकं कुठे कच्चं आहे?

कुठलंही म्हणणं घ्या, घरातलं, पारावरचं, एसटीतलं. त्यात तीन गोष्टी असतात. एक दावा: या पाणाड्याला जमिनीखालचं पाणी कळतं. एक आधार: त्याने दाखवलं तिथे पाणी लागलं. आणि या दोघांना जोडणारा सांधा, जो कुणी उघड बोलत नाही: त्याला कळत नसतं, तर तिथे पाणी लागलंच नसतं. भांडण होतं ते दाव्यावर, फार तर आधारावर. सांध्याकडे कुणी वाकून बघत नाही. ठिबकचं शेत ज्याने सांभाळलंय त्याला ठाऊक आहे, नळी मधेच क्वचित फुटते. पाणी गळतं ते जॉइनरपाशी.

सांधा तपासायला एकच प्रश्न पुरतो. दावा खोटा असता, तर जे दिसलं त्यापेक्षा वेगळं काही दिसलं असतं का? म्हणजे पाणाड्याला काहीच कळत नसतं आणि त्याने डोळे मिटून फुली मारली असती, तर मामाचा बोअर कोरडा गेला असता का?

इथे जमिनीला विचारावं लागतं. तापीच्या उत्तरेला, सातपुड्याच्या पायथ्यापासून नदीपर्यंत, यावल-रावेरचा बराच पट्टा गाळाचा आहे. वाळू, गोटे, माती, चिकणमाती यांचे थरावर थर, कित्येक ठिकाणी शेकडो फूट खोल. वर्षानुवर्षांच्या उपशाने पाण्याची पातळी खाली गेली हे खरं, पण पैसे घालून खोल जायची तयारी असेल तर या पट्ट्यात पाणी लागण्याची शक्यता मुळातच बरी. याउलट पारोळ्याला किंवा साक्रीकडे जा. तिथे काळा बेसाल्ट. पाणी असतं ते खडकाच्या भेगांत आणि झिजलेल्या थरांत. एका बोअरला पाणी, तिथून हाकेच्या अंतरावरचा दुसरा कोरडा ठाक, असं तिथे नेहमी घडतं.

म्हणजे मामाच्या पाणाड्याचं नाव झालं त्यात मोठा वाटा तापीच्या गाळाचा आहे. जिथे दहापैकी आठ बोअरना पाणी लागणार, तिथे दहापैकी आठ वेळा बरोबर ठरणारा माणूस जाणकार म्हणायचा का? (हे आठ-दहाचे आकडे मी हिशेब समजावा म्हणून घेतलेत, मोजलेले नाहीत.) त्याची गुणवत्ता बघायचीच तर त्याला पारोळ्याला न्यावं, आणि त्याने फुली मारलेल्या जागांशेजारी, कुणीही न सुचवलेल्या जागांवरही बोअर मारून बघावे. इतका खर्च कोण करणार? म्हणूनच असे दावे पिढ्यानपिढ्या टिकतात.

शिवाय आपल्याला आठवतं काय? नारळ उभा राहिला आणि पाणी लागलं, ते. नारळ उभा राहिला आणि पाणी लागलं नाही, हेही होतं, पण तेव्हा म्हणतात, गाडीवाल्याने दोन हात सरकून मारला. नारळ आडवाच राहिला तिथे पाणी होतं का, हे कुणी खणून बघतच नाही. चार खान्यांपैकी एकच खाना आपण भरतो आणि त्यावर निकाल देतो. तपासायची वेळ आली की दर वेळी नवं कारण काढून सुटणाऱ्या दाव्याचा मला फार संशय येतो. जो दावा कधी चुकूच शकत नाही, तो काही सांगतही नसतो.

ही परीक्षा जर्मनीत खरोखर घेऊन झालीय. १९८७-८८ मध्ये म्युनिकजवळ एका कोठाराच्या तळमजल्यावर पाण्याचा पाइप गाड्यावर ठेवून हवा तसा सरकवला आणि वरच्या मजल्यावर पाणाड्यांना फिरवलं. सुमारे ५०० जणांतून आधी चांगले वाटलेले ४३ निवडले आणि त्यांच्या ८४३ चाचण्या घेतल्या. बहुतेकांचे अंदाज पाइपाच्या जवळपासही नव्हते. तरी प्रयोग करणाऱ्यांनी त्यातले सर्वांत चांगले काही जण पुढे करून म्हटलं, यांच्यात काहीतरी आहे. पुढे १९९९ मध्ये जिम एनराइट या शास्त्रज्ञाने तीच आकडेवारी पुन्हा मांडली आणि दाखवलं की हे 'सर्वांत चांगले'सुद्धा निव्वळ नशिबाने जमेल त्याच्या पुढे गेलेले नाहीत. ४३ जणांनी नाणी उडवली तर कुणाला तरी ओळीने बरेच छापे पडणारच. निकाल लागल्यावर नेमका तोच माणूस उचलायचा आणि 'बघा, याच्या हातात जादू' म्हणायचं, ही चूक शिकल्यासवरल्यांकडूनही होते.

आगीशिवाय धूर

सांधा तपासण्याची ही विद्या आपल्याकडे फार जुनी आहे. अमळनेरला प्रताप शेटांनी १९१६ मध्ये तत्त्वज्ञान मंदिर काढलं, ते भारतीय तत्त्वज्ञानाच्या अभ्यासासाठी. आपल्या जुन्या दर्शनांत, म्हणजे तत्त्वज्ञानाच्या परंपरांत, न्यायदर्शन हे तर वादाचं व्याकरणच. न्यायवाल्यांचं ठरलेलं उदाहरण: डोंगरावर आग आहे, कारण तिथे धूर दिसतो, जिथे धूर तिथे आग, जसं स्वयंपाकघरात. यातलं 'जिथे धूर तिथे आग' हे कलम म्हणजे सांधा. त्याला ते व्याप्ती म्हणतात. सगळा भर या व्याप्तीवर. ती एकदा जरी मोडली तरी अनुमान लंगडं. हेतू, म्हणजे दिलेलं कारण, दिसायला कारण पण आतून पोकळ असेल, तर त्याला नाव हेत्वाभास. हिवाळ्यात सकाळी सातपुड्यावर जे धुरासारखं दिसतं ते धुकं असतं. ते बघून आग आग म्हणून धावलात, तर तो हेत्वाभास.

आणखी एक बारकावा त्यांनी दाखवलाय, तो मला फार आवडतो. धूर दिसला तर आग असते, पण आग असली की धूर असतोच असं नाही. लोहाराच्या भट्टीतून काढलेला लालबुंद गोळा बघा. आग आहे, धूर नाही. म्हणजे सांधा एका दिशेने पक्का असला तरी उलट्या दिशेने तो धरेल याची खात्री नसते. 'ताप आला की अंग दुखतं. माझं अंग दुखतंय. म्हणजे ताप असणार.' रात्रभर केळीचे घड वाहिलेल्या माणसाला विचारा, अंग आणखी कशाने दुखतं ते.

आता धूर-आगीचं हेच कलम गावात म्हण होऊन कसं वापरलं जातं ते पाहा. एखाद्या पोरीबद्दल किंवा सोसायटीच्या सचिवाबद्दल कुजबुज सुरू होते. कुणी म्हटलं, अरे पुरावा काय, की उत्तर तयार असतं: "आगीशिवाय धूर निघत नाही." इथे गंमत अशी की खऱ्या धुरासाठी आग असावी लागते, हे सगळ्यांच्या डोळ्यांसमोरचं आहे. पण इथला धूर म्हणजे लोकांची चर्चा. चर्चेसाठी आग असावी लागते का? चर्चेला एक रिकामी दुपार आणि दोन माणसं पुरतात. म्हणीने धुराचा पक्का सांधा उचलला आणि गुपचूप गप्पांना जोडला. उपमा ऐकायला चपखल असली की आपण तिला पुरावा समजतो. म्हणींचं हे फार चालतं, आणि म्हणी आवडणाऱ्या माझ्यासारख्याने तर जास्तच सांभाळावं.

न्यायात बोलण्याचे तीन प्रकार सांगितलेत. खरं काय ते शोधायला दोघं बोलतात, तो वाद. जिंकायलाच बोलतात, तो जल्प. आणि स्वतःचं काही न मांडता समोरच्याचं फक्त मोडायचं, ती वितंडा. 'वाद' हा शब्द आज भांडणासाठी राहिला आणि वितंडा 'वितंडवादा'त जाऊन बसली. माझं ते 'योगायोग' म्हणजे अस्सल वितंडा होती.

शितावरून भात

शितावरून भाताची परीक्षा होते, हे अगदी खरं. पण का होते? भात एका पातेल्यात, एका पाण्यात, एका आचेवर शिजलेला असतो. एक शीत बाकीच्या शितांसारखंच असणार, याची हमी पातेल्याने दिलेली असते. ती हमी नसेल तिथे ही म्हण लावायची नाही.

हे कापसाच्या व्यापाऱ्याला कुणी शिकवावं लागत नाही. गाडी दारात आली की तो वरचा पांढराशुभ्र कापूस बघून भाव करत नाही. कोपरापर्यंत हात आत घालतो, तळातला मूठभर काढतो, एक कोपऱ्यातला काढतो, दाबून ओल बघतो. सीसीआयच्या, म्हणजे सरकारी कापूस महामंडळाच्या, खरेदीत तर ओलावा ८ ते १२ टक्क्यांच्या आत हवा, म्हणून तिथे यंत्रच लावतात. वरचा थर गाडीवाल्याने निवडून लावलेला असू शकतो, हे व्यापाऱ्याला पक्कं ठाऊक असतं.

तोच व्यापारी संध्याकाळी चहाच्या टपरीवर मला म्हणाला, "अमक्याच्या पोराने एमएस्सी केलं अन् घरी बसला. शिक्षणात काही राह्यलं नाही, भो." मी म्हटलं, शेट, तुम्ही गाडीत हात कुठपर्यंत घालता? त्याला क्षणभर कळलं नाही. मग हसला, आणि चहाचे पैसे मलाच द्यायला लावले.

आपल्याला जी उदाहरणं आठवतात, ती गाडीच्या वरच्या थरातली असतात. घरी बसलेला एमएस्सी पारावर दिसतो. नोकरीला लागलेला पुण्याला असतो, तो पारावर दिसणारच नाही. मोबाइलवर येणाऱ्या व्हिडिओंचंही तेच. त्यात जे असतं ते कुणीतरी निवडून वर लावलेलं असतं. एक उदाहरण म्हणजे खोटं उदाहरण असं नव्हे. ते कुठून उचललं, एवढं विचारावं.

कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडते, ही म्हण तर घराघरात आहे. संस्कृतात याच जातीचा काकतालीय न्याय आहे (इथे न्याय म्हणजे दाखला): कावळा आला आणि नेमकं तेव्हाच ताडाचं फळ पडलं. तरी आपण म्हणत राहतो, आधी हे झालं, मग ते झालं, म्हणून ह्यामुळे ते झालं. टॉनिकची बाटली फवारली, आठ दिवसांत पराटी, म्हणजे कपाशीचं झाड, हिरवीगार. मधे दोन चांगल्या सरी येऊन गेल्या, त्यांचं कुणी नाव घेत नाही, कारण सरींचे पैसे दिले नव्हते. यावर उपाय शेतकऱ्याच्या हातात असतो आणि तो फुकट आहे: चार ओळी मुद्दाम न फवारता सोडायच्या. पाऊस दोन्हींवर सारखा पडेल. मग फरक दिसला तर तो बाटलीचा. बहुतेक लोक ओळी सोडत नाहीत, कारण बाटली घेऊन झाल्यावर ती वाया गेली हे कळून घ्यायची हौस कुणाला असते!

पण उलटी चूकही होते, आणि ती जास्त हुशार दिसते. गुलाबी बोंडअळीचंच घ्या. बीटी कापूस, म्हणजे बोंडअळीला मारणारं जनुक घातलेला, आपल्याकडे २००२ मध्ये आला, २००६ मध्ये दोन जनुकांचं वाण आलं, आणि काही वर्षांतच गुलाबी अळी दोन्हींना पचवायला शिकली. २०१७ च्या हंगामात तिने महाराष्ट्रात कापसाचं काय केलं ते कुणी विसरलेलं नाही. तेव्हापासून सांगतात, फरदड घेऊ नका (म्हणजे वेचणी संपल्यावर तेच पीक पुढे वाढवू नका), पराट्या वेळेत उपटा, शेतात उभ्या ठेवू नका, कारण अळीला पुढच्या हंगामापर्यंत खायला आणि राहायला जागा मिळते. यावर आमच्या गावातला एकजण दर वर्षी म्हणतो, "मी मागच्या साली डिसेंबरातच पराट्या उपटल्या. तरी आली अळी. म्हणजे फरदडीचा अन् अळीचा काही संबंध नाही."

ऐकायला बिनतोड वाटतं. कारण नव्हतं, तरी परिणाम झाला. मग कारण कसलं? न्यायवाल्यांनी तर एका उदाहरणाने व्याप्ती मोडते म्हटलंय. पण इथे मोडलं काय ते नीट बघायला हवं. त्याच्या शेतात फरदड नव्हती, शेजारच्या तिघांच्या शेतांत होती. पतंग गट नंबर बघून उडत नाही. दावा एका शेताचा नव्हताच, तो सगळ्या शिवाराचा होता. घडणारी गोष्ट कशी घडते, त्यातली यंत्रणा काय, हे कळल्याशिवाय नुसत्या 'आधी-नंतर'वरून ना कारण सिद्ध होतं, ना खोडता येतं.

माणूस आणि मुद्दा

माणसावर घसरणं सगळ्यांना ओळखता येतं, म्हणून त्यावर फार थांबत नाही. "तू कधी बैल जुंपलाय का?" "तुझ्या घरचं आधी बघ." "सगळेच करतात, आम्ही केलं तर काय?" बैल न जुंपलेल्यानेही पाच आणि सात बारा असं सांगितलं तर बारा बाराच राहतात. साप साप म्हणून भुई धोपटायचा प्रकारही ओळखीचा आहे. तुम्ही म्हणता लग्नात जेवणावळ जरा आटोक्यात ठेवू, समोरचा ओरडतो, "म्हणजे पाहुण्यांना उपाशी घालवायचं?" उपाशी कुणी म्हटलंच नव्हतं. त्याला हाणायला सोपा साप हवा होता, तो त्याने स्वतःच आणून ठेवला.

पण एक अपवाद सांगायलाच हवा, कारण तर्कदोषांची नावं पाठ करणारे नेमके इथे फसतात. कृषी केंद्राचा दुकानदार म्हणाला, "हेच बियाणं घ्या, याच्यासारखं दुसरं नाही," आणि मी विचारलं, "यावर तुम्हाला कंपनीकडून काय मिळतं?" तर मी माणसावर घसरलो का? नाही. त्याने आधार म्हणून स्वतःचा शब्दच दिलाय. शब्द हाच आधार असेल, तर शब्द देणाऱ्याचं हित विचारात घेणं रास्तच. तोच दुकानदार विद्यापीठाच्या चाचणीचा कागद पुढे ठेवेल, तर मग कागद वाचायचा, दुकानदाराचं कमिशन बाजूला ठेवायचं. आणि हित आहे म्हणून बोलणं खोटंच, असंही नाही. पाणी विकणाऱ्याने 'आज ऊन फार आहे' म्हटलं, तर मे महिन्यात भुसावळला ते खरंच असणार.

शब्दांचा खेळ ओळखायला त्याहून अवघड. न्यायात त्याला छल म्हणतात. जुनं उदाहरण नवकंबलाचं: एकजण म्हणतो, याच्याजवळ नव कंबल आहे, म्हणजे नवं. दुसरा भांडतो, नऊ कुठे आहेत, एकच तर आहे! आजचा आपल्याकडचा छल 'केमिकल' या शब्दात आहे. "केळी केमिकलने पिकवतात, केमिकल म्हणजे विष." पहिल्या वाक्यात केमिकल म्हणजे कुठलाही रासायनिक पदार्थ, दुसऱ्यात केमिकल म्हणजे घातक पदार्थ. एका शब्दाच्या दोन अर्थांवरून उडी मारली आणि मधली फट दिसलीच नाही. फळं पिकवायला कॅल्शियम कार्बाइड वापरायला आपल्याकडे बंदी आहे, आणि ती योग्य आहे. पण रायपनिंग चेंबरमध्ये जो इथिलीन वायू सोडतात, तो केळं पिकताना स्वतःच तयार करतं. अन्नसुरक्षेच्या नियमांत तो ठरावीक प्रमाणात, १०० पीपीएमपर्यंत (दहा लाख भागांत १०० भाग), चालतो. दोन्हींना एकच शब्द लावला की खरा धोका आणि खोटी भीती एकाच पाटीत जातात. 'नैसर्गिक' हा शब्द याचाच जुळा भाऊ. बांधावर धोतरा उगवतो, तो पूर्ण नैसर्गिक आहे. त्याची भाजी कुणी करत नाही.

मोठ्या माणसाचं नाव पुढे करण्याबद्दल बोलताना खान्देशात भास्कराचार्य टाळता येत नाहीत. चाळीसगावजवळ पाटणला, पाटणादेवीच्या परिसरात, तेराव्या शतकाच्या सुरुवातीचा एक शिलालेख आहे. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव हा यादव राजा सिंघणाचा ज्योतिषी. आजोबांच्या ग्रंथांचं अध्ययन चालावं म्हणून त्याने तिथे मठ काढला, असं त्या लेखात आहे. यावरून आपण म्हणतो, भास्कराचार्य पाटणचे. थोडं थांबू या. लेखावरून काय पक्कं ठरतं? नातवाने इथे मठ काढला. काय संभाव्य वाटतं? घराण्याचा या भागाशी घट्ट संबंध होता. आणि काय ठरत नाही? आजोबांचा जन्म इथला. स्वतः भास्कराचार्यांनी आपलं गाव सह्याद्रीजवळचं विज्जडविड असं दिलंय, आणि ते नेमकं कुठलं यावर अभ्यासकांचं एकमत नाही. एकाच दगडावरून निघणाऱ्या तीन विधानांचं वजन तीन तऱ्हेचं आहे. म्हणण्याचं वजन करायचं म्हणजे हेच. 'खरं की खोटं' एवढ्या दोन मापांनी ते होत नाही.

दुसरं म्हणणं त्याहून दांडगं: गुरुत्वाकर्षण न्यूटनच्या आधी भास्कराचार्यांनी शोधलं. ११५० च्या सिद्धान्तशिरोमणीत, पृथ्वीला आकर्षणशक्ती आहे आणि ती आकाशातल्या जड वस्तू आपल्याकडे ओढते म्हणून त्या पडल्यासारख्या दिसतात, असा श्लोक खरोखर आहे. अभिमान वाटावा असाच आहे. पण १६८७ मध्ये न्यूटनने जे मांडलं, ते अंतर वाढलं की ओढ किती घटते याचं गणित. फळाला आणि चंद्राला एकच नियम लावून आकडे काढून दाखवण्याचं. 'पृथ्वी ओढते' आणि 'किती ओढते ते असं मोजा', ही दोन विधानं आहेत. युक्ती अशी चालते: मोठं विधान करायचं, कुणी हटकलं की लहान विधानाचा श्लोक दाखवायचा, तो मान्य झाला की पुन्हा मोठं विधान करत निघायचं. बोट दिलं की मनगट. मला यात भास्कराचार्यांवरच अन्याय दिसतो, कारण त्यांचं जे खरं थोर काम आहे, बीजगणितातलं चक्रवाल गणित (वर्ग असलेल्या काही समीकरणांची पूर्णांकी उत्तरं काढायची रीत), ते या गडबडीत कुणी उघडूनही बघत नाही.

मामीची विहीर

आता माझी फजिती. विशीत असताना सुट्टीत मामाकडे गेलो होतो. जुन्या विहिरीत पोहायला निघालो, तर मामी म्हणाली, "तिथं नको जाऊ रे बाबा. साती आसरा आहेत तिथं, ओढून घेतात." मी तिला तिथल्या तिथे तर्कशास्त्र शिकवलं. आसरा, या पाण्यातल्या देवता, कुणी पाहिल्या? ओढलेल्यांनी येऊन सांगितलं का? मामी गप्प बसली. मी विहिरीत उतरलो, आणि पाण्याखालच्या शेवाळलेल्या पायरीवरून असा घसरलो की, मामाने सोल, म्हणजे जाड दोर, टाकला नसता तर हे लिहायला मी नसतो.

मामीने दिलेलं कारण चुकीचं होतं. निष्कर्ष बरोबर होता. ती विहीर धोक्याची होती, तिथे आधी माणसं गेली होती, आणि गावाने तो धोका आसरांच्या रूपात जपून ठेवला होता. कुणाचा युक्तिवाद कच्चा निघाला, तर एवढंच ठरतं की त्या आधारावर ते म्हणणं उभं राहत नाही. दुसऱ्या एखाद्या आधारावर ते उभं असू शकतं, आणि तो आधार शोधायचं काम मग आपल्यावर येतं. मी मामीला विचारायला हवं होतं, "तिथं आधी कोण गेलं होतं? कसं?" तिने पायरीचं सांगितलं असतं. मला वाद जिंकायचा होता, म्हणून पायरीची माहिती मिळाली नाही.

तर मागच्या उन्हाळ्यात मामाशी पुन्हा तोच विषय निघाला, नारळाचा. या वेळी 'योगायोग' म्हटलं नाही. विचारलं, "मामा, गावात या पाणाड्याने दाखवलेले कोरडे किती गेले?" मामा म्हणाला, दोन-तीन गेले असतील. "अन् पाणाड्या न बोलावता मारलेले किती लागले?" तो विचारात पडला. मग त्याने उलट विचारलं, आणि बरोबर विचारलं, "अन् ते तुझे मशीनवाले, जमिनीत खिळे ठोकून करंट सोडतात, ते काय चुकत नाहीत?" चुकतात. जमिनीचा विद्युत रोध मोजून ओल्या थरांचा अंदाज बांधतात, आणि तो अंदाज फसतोही. मी म्हटलं, त्यांनाही हेच प्रश्न विचारायचे, सूट नाही.

मामाकडे दुधाच्या हिशेबाची एक वही असते. तिच्या मागच्या पानावर त्याने चार रकाने आखले: कुणी दाखवलं, कुठे, किती फुटांवर, लागलं की नाही. 'कुणी दाखवलं'च्या रकान्यात पाणाड्या, मशीनवाला आणि 'कुणीच नाही' अशा तीन खुणा. आत्तापर्यंत सात ओळी भरल्यात. सातावरून काहीच ठरत नाही, असं मी त्याला सांगितलं, तर म्हणाला, "मग तू कशाला घाई करतो? वही दोनशे पानांची आहे."